अण्णांची सायकल

वाचक मंडळी, तुमच्याही गोठ्यात एखादी जुनी सायकल गंजत उभी असेल. भंगारवाल्याला देण्याआधी माझी हकिगत ऐका.

आमच्या अण्णांची सायकल रॉड ब्रेकची, जुन्या जड लोखंडाची. 84 वर्षांचे अण्णा आता तिच्यावर बसत नाहीत. हँडल धरून तिच्या आधाराने मळ्यापर्यंत चालत जात. काठीचे नाव काढले की राग येतो. मधे त्यांचा पाय मोडला आणि सायकल 2 पावसाळे गोठ्यात राहिली. पाय बरा झाला, पण पाठीला बाक आला. हँडल 4 बोटे खाली हवे होते आणि ते जागचे हलेना. अण्णा ओट्यावरच बसून.

चाके तेलाने मोकळी झाली. हँडलचा दांडा मात्र नळीत गच्च धरला होता. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगून सांध्यात ठासून बसतो. मी घाईने हातोडी घातली, तर बोल्टचे डोकेच चेपले!

अण्णा म्हणाले, "लोकांना वापसा येऊ द्या म्हणून सांगत फिरतोस ना रे?"

काय बोलणार? कानस घेऊन बोल्टचे डोके घासत बसलो.

मग रीतसर केले. आधी ब्रेकचे रॉड सोडवले, नाहीतर ते वाकतात. हँडलवरचा बोल्ट 4 आटे सैल केला, पूर्ण काढला नाही. त्याच्या खालच्या टोकाला पाचर असते. बोल्टवर लाकडी ठोकळा ठेवून ठोकले की ती सुटते. पाचर सुटली, दांडा नाही. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे करून सांध्यात सोडले. सकाळ-संध्याकाळ, 3 दिवस. (जवळ विडी-काडी नको.) चौथ्या दिवशी पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल थोडे इकडे, थोडे तिकडे केले. कुरकुरले आणि फिरले! दांडा काढून पॉलिश पेपरने घासला, ग्रीस लावून खाली बसवला, बोल्ट आवळला.

डावे पायडल चालताना अण्णांच्या नडगीला लागे, तेही काढले. त्याचे आटे उलटे असतात. पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तरच सुटते. हे ठाऊक नसले की माणूस जोर लावून आणखी आवळत बसतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ओट्यावर अण्णा नव्हते. सायकलही नव्हती. सौ.ने केलेला चहा तसाच झाकलेला. मी चपला घालून मागोमाग निघालो, पण दिसणार नाही इतक्या लांबून.