अर्धवट गाडीचा भाव

जुन्या गाड्या उभ्या करून देणं हा माझा धंदा. पण हल्ली बोलावणी येतात ती निराळ्याच कामासाठी. वडिलांनी हौसेनं खोललेली आणि पुन्हा कधी जुळलीच नाही अशी गाडी विकायची असते, भाव कुणालाच ठरवता येत नाही. मुंबई-पुण्यात ती बहुतेक वेळा फियाटच निघते, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली अकराशे. त्यातही 1950च्या दशकातली ‘डुक्कर फियाट’ असली की घरची मंडळी आवाज खाली करून बोलतात, शेजाऱ्यांनी ऐकलं तर भाव वाढेल की काय अशा थाटात.

“आजवर एवढे लाख घातलेत,” इथून बोलणं सुरू होतं. घातले असतील. घेणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. तयार गाडी कितीला जाईल आणि तिथवर न्यायला अजून किती लागतील, एवढंच तो बघतो. वजाबाकी करून उरेल तो भाव, आणि त्यातूनही तो डोकेदुखीचे काही कापून घेतो. हा आकडा कधी कधी भंगारवाल्याच्या आकड्याशेजारी जाऊन बसतो. मग घरात तोंडं उतरतात, आणि गाडीला चकचकीत रंग मारून घ्यायची टूम कुणीतरी काढतं.

रंग मारू नका. या फियाटला वेगळी चासी नाही. पत्र्याची वळवून जोडलेली खोकी हाच तिचा सांगाडा. ट्रकसारखी खाली मजबूत चासी असती तर वरचा पत्रा सडला तरी निभावलं असतं. इथे दाराखालचा सिल, पायाखालचा फ्लोअर आणि मागचे कमानपाटे जिथे अडकतात ती जागा, या तीन ठिकाणी गंज शिरला की गाडीची कंबरच मोडते. डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर येतात, आणि त्या खांबाचा पाय सिलमध्ये असतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक इंजिनाकडे बघतही नाही. दार उघडून हळूच वर उचलतं, लावताना फट सारखी आहे का ते पाहतं, मग खिशातलं लोहचुंबक काढून सिलवरून फिरवतं. चुंबक धरलं नाही की आत पुटी आहे हे कळतं, आणि ताज्या रंगाखाली पुटी सापडली की ते गिऱ्हाईक तुमचं पुढचं एकही वाक्य खरं मानत नाही. उघडा, गंज दिसणारा, जिथे जोड दिला तिथे वेल्डिंगही दिसणारा पत्रा मी स्वतः जास्त पैसे देऊन घेईन. काय सडलंय ते तरी दिसतं.

सामानाचं गणित लोकांना उलटं वाटतं. “काका, इंजिन तर नवं करून ठेवलंय!” असं मुलगा अभिमानानं सांगतो. छान. पण 1089 सीसीचं हे इंजिन, 68 मिलिमीटर बोअर आणि 75 स्ट्रोकचं, पुढे प्रीमिअरच्याच पद्मिनीतही चालत राहिलं, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या. त्यामुळे इंजिनाचं बरंचसं सामान आणि ते काम हातात बसलेले मिस्त्री अजून सापडतात. सापडत नाही ती बाजूची क्रोमची पट्टी, मागच्या दिव्याची काच, हॉर्नची रिंग, मूळचा मीटर. घरच्यांनी ‘किरकोळ’ म्हणून माळ्यावर टाकलेला पत्र्याचा डबा हाच कित्येकदा सौद्यातला सगळ्यात महाग भाग असतो. तो वेगळा विकायचा मोह होतो. त्या डब्याशिवाय गाडी म्हणजे निव्वळ पत्रा.

तेव्हा विकण्याआधी पैसे नकोत, थोडे रविवार खर्च करा. अंगणात चादर अंथरून सगळं सामान मांडा. नटबोल्ट पिशव्यांत भरा, प्रत्येक पिशवीवर नाव लिहा. काय नाही त्याचीही यादी करा आणि ती आधी दाखवा. खोलताना काढलेले फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं. वायरिंग कुठून गेली होती हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

खरी गाठ कागदांत असते. आरसी बुकावर नाव दिवंगत आजोबांचं. वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, तिथून पुढच्या माणसाला द्यायला 29 आणि 30. नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. चाकं विटांवर असलेली गाडी नेणार कशी? 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते: वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं, आणि रोज फिरवायची मुभा नाही. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं. मधल्या काळात कुणी पद्मिनीचं इंजिन टाकलं असेल तर बुकातला नंबर जुळत नाही, आणि ‘नवं इंजिन’ हे कौतुक उणे बाजूला जातं. जुनं इंजिन कोपऱ्यात पडलं असेल तर तेही गाडीबरोबर द्या, जाम झालेलं का असेना.

“नुसता सांगाडाच तर आहे, कागद सावकाश करू,” असं दोन्ही बाजू म्हणतात. पण घेणारा हौशी असेल तर कधी ना कधी तो गाडी रस्त्यावर आणणारच. अपघाताच्या भरपाईत नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून टेम्पोवाला दोर बांधायला लागण्याआधी मी दोघांनाही बसवतो: विक्रीचा करार, फॉर्मवर सह्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि गाडी विकल्याचं आरटीओला लिहिलेलं पत्र. त्या पत्राची पोच विकणाऱ्याने स्वतः जाऊन आणायची, एजंटावर सोडायची नाही.