पडद्यावरचें नांव

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या गोरेगांवच्या घरचीं नऊ माणसें एकदम सिनेमास गेलीं. चित्रपट पाहण्याची हौस हें त्याचें कारण नव्हतें. त्यांतील एका गाण्यास आम्हीं पेटीची साथ केली होती, हें खरें कारण. आमचें वय सत्तावीस, धंदा पेटी वाजविण्याचा, आणि चित्रपटासाठीं वाजविण्याचा तो पहिलाच प्रसंग. गाणें आलें, पण पेटीचा तुकडा पुरता कानांवर पडण्यापूर्वींच नायकाचें बोलणें त्यावर येऊन आदळलें. शेवटीं पडद्यावर नांवें सरकूं लागलीं. चित्रपटगृह रिकामें झालें, झाडूवाला आंत आला, तरी आमचें कुटुंब बसूनच. आजीनें चष्मा पुसून पुन्हां लावला. आमचें नांव कांहीं आलें नाहीं. रिक्षांत बसतांना ती म्हणाली, "नांवें फार भराभर जात होतीं रे, माझ्याच नजरेंतून सुटलें असेल."

रात्रीं पानावर बसल्यावर प्रत्येकानें आमचें कौतुक केलें. काका तेवढे गप्प होते. त्यांनीं तें गाणें मोबाइलवर आधींच तीनचार वेळां ऐकलें होतें. ताकभात कालवितां कालवितां ते म्हणाले, "सूर ठीक आहेत. पण गाणारीनें श्वास कोठें घ्यायचा, त्याची जागा तूं ठेवली नाहींस. दिसली फट कीं भर."

आमचे काका रेल्वेंतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. त्यांनीं गाण्याची तालीम कधीं घेतली नाहीं. पार्ल्याच्या आणि गिरगांवच्या मैफली मात्र चाळीस वर्षें ऐकल्या. अशा माणसानें भरल्या पंगतींत आमचा दोष काढावा याचा आम्हांस संताप आला. त्या दिवसापासून आम्ही त्यांच्याशीं कामापुरतेंच बोलूं लागलों, आणि ते घरांत असतांना पेटी उघडावयाची नाहीं असा नेमच करून टाकला.

गायनवादनाच्या धंद्यांतील तरुणास हल्लीं तीन गोष्टींबद्दल नेहमी विचारलें जातें: सिनेमा, कीर्ति, आणि लोक काय म्हणतात. या तिहींविषयीं आमचें मत आम्ही आज स्पष्टपणें सांगूं इच्छितों.

सिनेमानें संगीताचें वाटोळें केलें, हें वाक्य आमच्यासारख्या घरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. आमच्या पुढचें स्थानक मालाड. तेथें 1934 सालीं हिमांशु राय व देविकाराणी यांनीं ‘बॉम्बे टॉकीज’ ही संस्था उभारली. तिच्याच ‘महल’ या 1949 च्या चित्रपटासाठीं संगीतदिग्दर्शक खेमचंद प्रकाश यांनीं एकोणीसवीस वर्षांच्या लता मंगेशकरांकडून एक गाणें गाऊन घेतलें. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता, आणि तसा भास करून देणारीं यंत्रें त्या काळीं हाताशीं नव्हतीं. तेव्हां लताबाईंनीं खोलीच्या कोपऱ्यापासून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत यावें अशी योजना केली. पावलें चुकावयाचीं नाहींत, सूर हलावयाचा नाहीं, आणि ध्वनिग्राहकाशीं पोहोंचतांच मुखडा अचूक उचलावयाचा! ही शिस्त मैफलीच्या शिस्तीहून कमी आहे असें कोण म्हणेल? मैफलींत चुकलेली जागा पुढच्या आवर्तनांत सांवरून घेतां येते. सिनेमाच्या तीन मिनिटांत ती सवड नाहीं.

त्याच गाण्यानें कीर्तीचाही एक धडा दिला. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचें नांव छापलें होतें ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटांतील पात्राचें! रेडिओवरून गाणें लागूं लागलें तेव्हां ही गाणारी कोण, अशी श्रोत्यांची विचारणा सुरू झाली. मग खरें नांव सांगणें भाग पडलें. पुढें फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायकांस स्थान नव्हतें. तें असावें असा आग्रह लताबाईंनीं धरला, आणि 1959 सालीं तें पारितोषिक सुरू झालें तेव्हां तें पहिल्यानें त्यांनाच मिळालें. यावरून आम्हांस एक गोष्ट उमगली. नांव आणि कीर्ति या दोन भिन्न वस्तु आहेत. ज्यानें काम केलें त्याचें नांव लिहिणें हा न्यायाचा प्रश्न आहे. तें मागण्यांत अविनय नाहीं, आणि आजीस जें वाटलें तें योग्यच होतें. कीर्ति मात्र मागून मिळत नाहीं, आणि मिळाली तरी ती आपणांस कांहीं शिकवीत नाहीं. हल्लीं लग्नकार्यांत भेटणारे आप्त आमच्या वादनाबद्दल "किती जणांनीं पाहिलें?" असें विचारतात. कसें वाजलें, असें विचारणारा विरळा. लाख जणांनीं पाहिलें म्हणून आमचा एक सूरही सुधारत नाहीं.

मग सुधारतो तो कशानें? येथें आम्हांस लोकलगाडींतील एक प्रसंग आठवतो. लताबाईंनींच तो पुढें अनेकदां सांगितला आहे. 1942 सालीं वडील मास्टर दीनानाथ वारले, तेव्हां त्या बारातेरा वर्षांच्या होत्या. घरचा भार अंगावर पडला होता. 1947 च्या सुमारास त्या संगीतकार अनिल विश्वास यांच्याबरोबर उपनगरी गाडीनें चालल्या होत्या. त्याच डब्यांत दिलीपकुमार होते. ही मुलगी मराठी आहे असें कळतांच, मराठी माणसांच्या उर्दूस वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचें कांहीं ते सहज बोलून गेले. बोलणाऱ्याच्या दृष्टीनें ती प्रवासांतली गप्प. ऐकणारीस तें लागलें. परंतु लताबाईंनीं रुसवा धरला नाहीं. त्यांनीं एक मौलवी शोधला आणि उर्दूची शिकवणी सुरू केली. पुढें त्यांच्या उच्चारांची वाखाणणी उर्दूच्या जाणत्यांनींही केली. त्याच प्रवासांतले अनिल विश्वास यांनीं त्यांस आणखी एक विद्या दिली. गातांना श्वास केव्हां व कसा घ्यावा, म्हणजे तो ध्वनिग्राहकास कळणार नाहीं, हें आपण त्यांच्याकडून शिकलों, असें लताबाई सांगत.

श्वास! हा सारा इतिहास आम्हांस तोंडपाठ होता. चार मित्रांत आम्ही तो रंगवून सांगतही असूं. तरीसुद्धां आमच्याच घरांत, आमच्याच पंगतींत कोणी श्वासाविषयीं एक वाक्य बोललें, तर आम्ही दिवाळीपासून पाडव्यापर्यंत तोंड फिरवून बसलों. पाडव्याच्या दिवशीं सहज म्हणून तें गाणें पुन्हां लावलें. मधें पांच महिने गेल्यामुळें स्वतःच्या वाजविण्याचा मोह ओसरला होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या अखेरीस त्या गायिकेचा एक शब्द घाईनें तुटला आहे, हें आम्हांस प्रथमच ऐकूं आलें. ओळ संपतांच आम्हीं मध्यसप्तकांत एक हरकत घालून ठेवली होती. गाणारीस दम घेण्याइतकीही फट उरली नव्हती. त्याच सायंकाळीं काकांपुढें पेटी नेऊन ठेवली आणि म्हणालों, "काका, तुमचें बरोबर होतें." ते म्हणाले, "बरं, बरं. आतां पुन्हां वाजव पाहूं."

तो आनंद फार टिकला नाहीं. यंदाच्या पावसाळ्यापासून काकांस उजव्या कानानें ऐकूं येईनासें झालें आहे. डाव्या कानास यंत्र लावावें लागतें. त्या यंत्रांतून माणसांचें बोलणें कळतें. पेटीचे सूर मात्र फाटके येतात, असें ते सांगतात. डॉक्टरांनीं फारशी आशा दिलेली नाहीं. चांगले कान असलेला श्रोता आमच्या घरांत, आमच्या शेजारच्या पाटावर बसत होता, आणि त्याचे अखेरचे पांच महिने आम्हीं रुसव्यांत घालविले. पडद्यावर नांव आलें नाहीं याचें दुःख केव्हांच सरलें. हें मात्र सरत नाहीं.

वाचकहो, तुमच्या घरींही गाणारें, वाजविणारें, लिहिणारें एकादें तरुण मूल असेल. त्याचें कौतुक जरूर करा. बाहेर त्यास तें क्वचितच मिळतें. पण जेवतांना, गाडींतून जातांना, भाजी निवडतांना जें खटकलें तें सांगण्यासही कचरूं नका. तें रुसेल. आम्हीही रुसलों होतों. आणि त्या मुलास आमचें सांगणें एवढेंच, कीं रुसवा लवकर आवर.

काका अजूनही रोज रात्रीं पानावर विचारतात, "आज काय बसविलेंस?" पूर्वीं आम्ही रागाचें नांव सांगून मोकळे होत असूं. आतां चीज कोणती, ताल कोणता, गाणारा कोठें दमतो, हें सारें त्यांच्या डाव्या बाजूस सरकून सावकाश सांगतों. काल सगळें ऐकून घेतल्यावर त्यांनीं विचारलें, "जागा ठेवलीस ना?"

"ठेवली, काका," आम्हीं म्हटलें.

त्यांनीं मान हालविली आणि ताकासाठीं वाटी पुढें केली.