सिंहाचं आजोळ

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो. मुलग्यांनाही मिळतो, पण पुढे देतात त्या लेकीच. त्यावरून सिंहांचं आजोळ शोधलं (संग्रहालयांतली जुनी हाडंसुद्धा तपासली!), तर पश्चिम आफ्रिकेतले सिंह दक्षिण आफ्रिकेतल्यांपेक्षा आपल्या गीरच्या सिंहांना जवळचे निघाले. २०१७ साली वर्गीकरणही तसं बदललं. ही नुसती गंमत नव्हे. पश्चिमेकडचे सिंह मोजकेच उरलेत. ते संपले तर दक्षिणेतले आणून तो वंश परत येणार नाही.

आणि आमचा कुळवृत्तांत? पुरुष पिढ्यान् पिढ्या नावानिशी, बायका नुसत्या 'पत्नी'. आईकडची नावं मला पणजीपर्यंतच येतात. मावशीकडच्या मंडळींनो, आपल्या खापरपणजीचं नाव कुणी ऐकलंय का?