कापलेल्या शॉटचे गुण

मार्च उजाडला की माझ्या टेबलावर पेनड्राइव्हची रास जमते. माध्यम अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाला पाच-सात मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आणि सोबत स्वतःच्या कामाचं मूल्यमापन करणारा निबंध द्यायचा, असा आमचा प्रोजेक्ट. रास उपसायला घेतली की पहिल्या तासातच गजर ऐकू येऊ लागतात. अंधारात मोबाइल वाजतो, पांघरुणातून हात बाहेर येतो, गजर बंद. मग आरसा, टूथब्रश, खिडकीतलं आभाळ. नायक उदास आहे हे सांगायला पियानो पुरत नाही, म्हणून तो स्लो मोशनमध्ये जिना उतरतो. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश, बहुधा शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

मुलं आळशी नसतात. विषय मोठा घेतला की सिनेमा मोठा होतो, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यामुळे वृद्धाश्रम, बालमजुरी आणि नैराश्य सहा मिनिटांत उरकायला निघतात. अशा वेळी मी दादासाहेब फाळक्यांचे वाटाणे काढते. 1912 साली लंडनहून परतल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर तो सगळा प्रकार जेमतेम मिनिटभराचा. ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म आपल्याला आज पाहायला मिळत नाही, पण ती कशासाठी केली ते ठाऊक आहे. सिनेमात पैसे घालू शकणाऱ्याला हे यंत्र काय करू शकतं ते दिसावं, म्हणून. विषय कुंडीएवढा, हेतू पक्का, आणि नुसत्या डोळ्याला न दिसणारी गोष्ट कॅमेऱ्याकडून काढून घेतलेली. ‘तुमच्या गोष्टीतलं असं काय आहे, जे कॅमेऱ्याशिवाय सांगताच येणार नाही?’ या प्रश्नावर निम्म्या पटकथा वर्गातच गळतात.

उरलेल्यांचे संवाद मी कापायला लावते. रोमान पोलान्स्कीने पोलंडमध्ये विद्यार्थिदशेत, 1958 साली केलेल्या लघुपटात दोन माणसं कपाट उचलून समुद्रातून बाहेर येतात, शहरभर फिरतात, कुणी त्यांना थारा देत नाही आणि ती पुन्हा समुद्राकडे वळतात. संवाद एकही नाही. मुलं म्हणतात, मॅडम, हे फार विचित्र आहे. असू दे. विचित्र आहे, पण कळतं.

चित्रीकरणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मोबाइल बरंच सांभाळून घेतो. एवढं मात्र पहिल्याच दिवशी बजावावं लागतं: आपल्याकडची वीज 50 सायकलची, म्हणून 25 फ्रेम्स आणि शटर 1/50 ठेवा. नाहीतर फोन 30 फ्रेम्सवरच राहतो आणि ट्यूबलाइटखाली भिंतीवर पट्ट्या सरकू लागतात. संकलनात त्या काढणं म्हणजे डोकेफोड.

खरी पडझड आवाजात होते. चित्र डळमळलं तर प्रेक्षक माफ करतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. पंखा बंद करायचा राहतो, शेजारी कुकर तिसरी शिट्टी देतो, आणि कॉलरला लावलेला माइक ओढणीवर घासत राहतो. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करावी, असं मी सांगते. मुलांना हसू आवरत नाही. दोन संवादांच्या मधली भोकं बुजवायला तीच शांतता लागते, हे संकलनाच्या रात्री कळतं. उमेश कुलकर्णी यांचा फिल्म इन्स्टिट्यूटमधला ‘गिरणी’ हा लघुपट मी याच्यासाठीच दाखवते. घरात पिठाची गिरणी येते, आधी मुलाला तिचं अप्रूप वाटतं आणि पुढे तीच त्याच्या जिवावर येते. डोळे मिटून ऐका म्हणते. गोष्ट तरीही कळते.

आता मूल्यमापन. निबंधांत बहुतेकदा अडचणींची यादी असते: पाऊस आला, नट आजारी पडला, हार्ड डिस्क गेली, पण टीमवर्कमुळे सगळं पार पडलं. ही आभाराची पत्रं झाली. मला हवं असतं ते असं, की तुम्हाला काय पोचवायचं होतं, पाहणाऱ्याला काय पोचलं, आणि मधली तफावत कोणत्या कटमुळे पडली. रफ कट झाला की गोष्ट ठाऊक नसलेल्या दोघांना दाखवा. ‘कसा वाटला?’ विचारू नका, मित्र छानच म्हणणार. ‘काय घडलं ते सांगा’ म्हणा आणि तोंड बंद ठेवा. मित्राने बापाला घरमालक समजलं असेल, तर ते निबंधात लिहा. त्याचे गुण आहेत.

व्हायवाला मी टाइमलाइन उघडायला सांगते आणि टाकून दिलेला सर्वांत चांगला शॉट दाखवायला लावते. एका गटाचा सिनेमा पेठेतल्या मेसवाल्या काकूंवर होता. त्यांनी दिवसभरासाठी गिंबल भाड्याने आणून, डबे पोचवणाऱ्या मुलामागे गल्लीबोळांतून एक लांबलचक शॉट घेतला होता. सुंदर शॉट. सिनेमात नव्हता. संकलन करणारी मुलगी म्हणाली, ‘काकू ओट्यापासून हलत नाहीत. कॅमेरा बाहेर पडला की सिनेमा त्या मुलाचा होतो.’ यावरून गटात चांगलंच वाजलं होतं, दिग्दर्शक दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हता.

गटाला एकच आकडा देणं मला पटत नाही, ते यामुळेच. पोस्टरवर नाव दिग्दर्शकाचं, फोटोत पुढे दिग्दर्शक, आणि सिनेमा वाचवला दुसऱ्याच कुणीतरी. म्हणून प्रत्येकाने आपण घेतलेला एक निर्णय स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचा, अशी अट घातली आहे. ध्वनी सांभाळणाऱ्यांची पानं अलीकडे सर्वांत वाचनीय असतात.

बाहेरून आलेल्या परीक्षकांचं आणि माझं त्या मेसच्या सिनेमावरून जमलं नाही. गिंबलचा खर्च फाईलमध्ये आहे, मग शॉट कुठे, असं त्यांनी विचारलं. मी शॉट दाखवला. मग तर त्यांना तो सिनेमात नसल्याचं जास्तच वाईट वाटलं आणि त्यांनी तंत्राचे गुण कापले. संकलन करणाऱ्या मुलीला मी वर्गात सर्वाधिक गुण दिले होते. नियमाप्रमाणे दोघांच्या गुणांची सरासरी लागली.