रावेरखेडीची वाट

जन्म इंदुरात गेला, पण रावेरखेडी पाहिली नाही, अशी माणसे आमच्या पिढीत पुष्कळ निघतील. गेल्या दिवाळीपर्यंत आम्ही उभयताही त्यांतलेच होतो. सुटीत चिरंजीव पुण्याहून सहकुटुंब आले. येताना रामबागेतल्या घराचा विषय मनात धरून आले आहेत, हे आम्हांला पहिल्याच दिवशी उमगले. तो निघू नये म्हणूनच की काय, सहलीचा बेत आम्ही पुढे केला.

सिमरोळचा घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड लागते. बडवाह मागे टाकून मोरटक्क्याच्या पुलावर आलो, तेव्हा शरदातली नर्मदा निवळून संथ वाहत होती. लहानपणी मीटरगेजच्या गाडीतून आम्ही या पात्रात पैसा टाकत असू. नातवाला ते सांगितले, तर गाडी भरधाव निघूनही गेली होती. सनावदहून बेडियाकडे वळल्यावर दुतर्फा कापूस फुटलेला. बेडिया हे मिरचीच्या बाजाराचे गाव. काच खाली केली आणि सूनबाईंना ठसका लागला.

रावेरखेडी लहानसे खेडे आहे. नर्मदेच्या दक्षिण तीरावर दगडी तटाचे आवार आणि आत समाधी, एवढेच. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी येथे देह ठेवला; चाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. खरगोण-हंडियाची जहागीर नासिरजंगाकडून नुकतीच मिळाली होती, त्या कामी ते या बाजूला आले होते. मल्हाररावांना माळव्यात मुलूख नेमून दिला तो त्यांनीच. त्या मुलुखाची दौलत झाली, दौलतीला कारकून लागले, आणि अशाच एका कारकुनीवर आमचे खापरपणजोबा इंदुरास आले. आमच्या इंदूरकर असण्याचे मूळ पाहू गेले तर या पुरुषापाशीच पोचते. आणि तरी तीन तासांची वाट आम्हांला सत्तर वर्षे सुचली नाही.

चौथऱ्यापाशी नातवाने विचारले, ‘‘आजोबा, बाजीराव पुण्याचे ना? मग त्यांना पुण्याला का नाही नेलं?’’

‘‘वैशाखाचे ऊन, आणि पुणे किती लांब! शिवाय नर्मदेचा काठ मिळाला, बाळा. लोक त्यासाठी मुद्दाम येतात,’’ आम्ही म्हणालो. चिरंजीव नदीकडे पाहत राहिले.

परतताना सनावदच्या अलीकडे एका साध्या भोजनालयात बसलो. पोऱ्याशी आम्ही हिंदीत बोललो, सवयच ती. ‘‘सब्जी कोणती आहे?’’ असे मग घरच्यांना विचारले, तर नातू खुदकन हसला. ‘‘भाजी म्हणा, आजोबा!’’ आम्हांला थोडे लागले, खोटे का सांगा! घरात चार पिढ्या जपलेली मराठी, आणि दहा वर्षांचे पोर तिची दुरुस्ती करते!

बाफले मात्र उत्तम होते. आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, त्यामुळे आतून मऊ, वरून खरपूस. पोऱ्याने ते ताटातच हाताने फोडले आणि वर तुपाची धार धरली, ती आपण ‘बस’ म्हणेपर्यंत. सोबत तुरीची डाळ, हिरवी चटणी आणि चुरम्याचा लाडू. सूनबाईंनी तुपाला हात आडवा केला. सौभाग्यवतींनी तो हळूच बाजूला सारला.

लाडवावर येताच चिरंजिवांनी विषय काढला. घराला गिऱ्हाईक आले आहे, भाव बरा आहे, पुण्यात त्यांच्या शेजारची सदनिका रिकामी होते आहे. ‘‘बाबा, इथे रात्री-अपरात्री तुमच्याजवळ कोण आहे?’’ प्रश्न रास्त होता. गेल्या श्रावणात आम्ही न्हाणीघरात घसरलो, तेव्हा शेजारच्या मुलांनी उचलले. चिरंजीव दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

उत्तर सुचेना. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘माघापर्यंत थांब. अंगणातल्या आंब्याला मोहोर आला की बोलू.’’ आंब्याचा आणि घराचा काय संबंध, हे कोणी विचारले नाही.

मोरटक्क्याच्या पुलावर येईतो अंधारले होते. कोणी सांगितले नव्हते, तरी चिरंजिवांनी गाडी हळू केली. नातवाने हात पुढे केला. आमच्या खिशात दोन रुपयांचे एकच नाणे निघाले. ते त्याने कठड्यावरून भिरकावले आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो का, म्हणून काच उघडीच ठेवली.