फ्रिपचे झीलकरी

डावीकडच्याचा उजवा हात रिकामा, उजवीकडच्याचा डावा. रेव्हॉक्स ए७७ जातीचे हे दोन स्विस टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी मांडलेले असतात. पहिल्याच्या डाव्या स्पूलवरून फीत सुटते, त्याच्याच हेडवर आवाज टिपून घेते आणि उजव्या स्पूलवर न जाता अधांतरी शेजारच्या घरी जाते. शेजारी तो आवाज वाजवतो, फीत आपल्या उजव्या स्पूलवर गुंडाळतो आणि वाजवलेलं तारेतून परत पहिल्याकडे पाठवतो. पहिला ते नव्या सुरासकट पुन्हा टिपतो. एकेका हातानं चाललेला दोघांचा संसार.

सेकंदाला १९ सेंटिमीटर हा फितीचा वेग धरला, तर मीटरभर अंतर कापायला तिला पाचेक सेकंद लागतात. तेवढ्या वेळानं तुमचा सूर तुमच्याकडे परत. उशीर वाढवायचा असेल तर यंत्र उचलून लांब ठेवा.

ही युक्ती अमेरिकेत संगीतकार टेरी रायली आणि पॉलिन ऑलिव्हेरॉस यांनी १९६०च्या दशकातच वापरली होती. १९७२च्या सप्टेंबरात लंडनला संगीतकार ब्रायन ईनोच्या घरी रॉबर्ट फ्रिप गिटार घेऊन आला, तेव्हा ईनोनं ही जोडी त्याच्यापुढे ठेवली. फ्रिप म्हणजे ‘किंग क्रिमसन’ या बँडवाला. अवघड हिशेबांचं, अंगावर येणारं रॉक. (मला ते सलग तासभर झेपत नाही, कबूल.) त्या बैठकीतून एकवीसेक मिनिटांचा एक तुकडा निघाला आणि पुढच्या वर्षी ‘नो पुसीफुटिंग’ या तबकडीची अख्खी बाजू त्यानं व्यापली.

तंबोऱ्याशी याची तुलना करायचा मोह होतो, पण तंबोरा गाणाऱ्याचं ऐकत नाही. हे दोन रेकॉर्डर म्हणजे पोवाड्यातले झीलकरी. शाहिरानं टाकलेली ओळ उचलायची आणि तीच लावून धरायची. फरक इतकाच, की झीलकरी शाहिराची चूक पोटात घालतात; हे दोघं चुकीचीही झील धरतात, दर पाच सेकंदांनी, ती विरेपर्यंत. तारेवर जोरात आघात केला तर तो ठोकाही फिरून फिरून येतो आणि रहाटगाडग्याचं बिंग फुटतं. म्हणून फ्रिप सूर हळूच फुगवत आणतो, लांब धरतो, थांबतो. एरवी बोटं पळवणारा हा माणूस इथे स्टुलावर बसून वाट बघतो. दर फेरीत जुन्या सुराची धार बोथट होते, फितीची खरखर वाढते. मागचं धुकं आणि पुढचा सूर यांतली सीमा पुसत जाते.

या प्रकाराला ‘फ्रिपरट्रॉनिक्स’ हे नाव दिलं कवयित्री जोआना वॉल्टन यांनी. १९७९मध्ये फ्रिप ही जोडी घेऊन रेकॉर्डची दुकानं, रेस्टॉरंटं अशा ठिकाणी वाजवत फिरला. आधी स्वर रचायचे, मग भरलेली फीत मागे गुंडाळून लावायची आणि तिच्यावर गिटार वाजवायची. मघाचा फ्रिप साथीला, आत्ताचा पुढे.

१९९०च्या दशकात डिजिटल यंत्रं आली आणि फीत गेली. नवा आवाज स्वच्छ आहे, प्रशस्त आहे. मला मात्र खरखरीसकट जुनाच हवा. ‘नो पुसीफुटिंग’ची पहिली बाजू लावा, अगदी पहिला सूर पकडा आणि तो किती सेकंदांनी परत येतो ते बोटांवर मोजा. दुसऱ्या फेरीला तुम्ही मोजायचं विसराल.