ओढ्याअलीकडे

वांद्र्यास समुद्र आहे, टेकडी आहे. गोल्फचे मैदान मात्र नाही. आम्हा वांद्रेकरांना त्यासाठी चेंबूरचा, १९२७ साली स्थापन झालेला प्रेसिडेन्सी क्लब गाठावा लागतो. तेथे चेंडू झाडीत शिरला की फांद्यांच्या फटीतून ग्रीन खुणावू लागते. आम्ही चेंडू आडवा, मोकळ्यावर काढतो. भित्रेपणा म्हणा हवे तर; पण एक फटका देऊन दोन वाचतात.

स्कॉटलंडमधील कार्नुस्टी येथे १९९९ साली ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या होलवर फ्रान्सच्या व्हॅन द वेल्डला सहा फटके पुरेसे होते. दुसऱ्याच फटक्याला त्यास थेट ग्रीनचा मोह पडला. चेंडू प्रेक्षकांच्या सज्जावर आपटून गवतात, तेथून ओढ्यात! बूट-मोजे काढून बिचारा पाण्यात उतरला. तरी सात झालेच, आणि प्लेऑफ पॉल लॉरीने जिंकला. दुसरा फटका ओढ्याअलीकडे, तिसरा ग्रीनवर. मग तीन पट मारूनही चषक त्याचाच होता.